समुपदेशकाशी काय बोललास, हे विचारू नका



बारावीचा निकाल लागला की कनेरगाव नाक्यावरची मुलं पांगतात. कुणी हिंगोलीच्या कॉलेजात जातं, कुणी वाशीमच्या. काही जण नांदेडला, पुण्याला खोली करून राहतात. हिंगोली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतं, वाशीम अमरावती विद्यापीठात. एका बाकावरची दोन मुलं दोन विद्यापीठांची होतात आणि दोन्ही विद्यापीठं गावापासून लांब. म्हणून मुलाच्या स्वतःच्या कॉलेजात त्याचं मन ऐकणारं कुणी आहे का, हे आधी बघायला हवं.

हे विचारायला आता आधार आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील, तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. पट कमी असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. प्रवेशाच्या दिवशी आपण फी विचारतो, होस्टेल विचारतो. त्याच खिडकीवर विचारा, "समुपदेशक कोण आहेत? कधी बसतात?" उत्तर मिळालं नाही, तरी कॉलेज कसं आहे ते कळतं.

पण समुपदेशक असून भागत नाही, मुलानं त्या खोलीत जायला हवं. 'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' दडलाय! मुलाला वाटतं, तिथं अजून एक सर ऐकवणार. आणि गावाकडं भीती वेगळीच, "डोक्यावर परिणाम झाला का?" म्हणून बारावीच्या वर्गात एक तास यासाठी काढा. सरळ सांगा: समुपदेशक जास्त ऐकतात, थोडं विचारतात, गोळ्या देत नाहीत. गोळ्यांची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. परीक्षेची धास्ती, इंग्रजीतून शिकताना आलेलं दडपण, प्रेमभंग, घरच्या कर्जाची काळजी, यातलं काहीही घेऊन जाता येतं. वेड लागायची वाट बघायची नसते.

आता पालकांना जड जाणारी गोष्ट. मुलगा तिथं काय बोलला, हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिलाय आणि चांगले समुपदेशकही तोच नियम पाळतात. जिवाला धोका असेल, तर मात्र वाचवण्यापुरती माहिती सांगितली जाते. पैसे आम्ही भरतो, मग आम्हाला का कळू नये, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण घरी कळेल या भीतीनं मूल खरं बोलतच नाही. "आमच्याबद्दल काही बोललास का?" एवढं एकदा विचारलं, की ते पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. "जाऊन आलास, बरं केलंस. जेवलास का?" एवढंच पुरे. आणि हे मूल गाव सोडायच्या आधी त्याला कबूल करा.

कॉलेजात कुणीच नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. चौघांच्या खोलीत बोलणं होत नसेल, तर मूल बाहेर पडून फोन लावू शकतं. तुम्हाला काळजी वाटली, तर तुम्हीही लावू शकता.

फोनवरचं बोलणं तुटक झालं, झोप उडाली, सणालाही यायचं टाळलं, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असं बोलू लागलं, तर "जीव द्यावासा वाटतो का रे?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर रागावू नका, शपथा घालू नका. फोन चालू ठेवा, दुसऱ्या फोनवरून ११२ किंवा १४४१६ लावा, आणि कुणीतरी त्याच्याजवळ थांबेल असं बघा. तुम्ही पोचेपर्यंत रात्र जाईल, म्हणून खोलीतल्या एखाद्या मित्राचा आणि घरमालकाचा नंबर आजच लिहून ठेवा.