बी आधी, पीक मागून

जालना एमआयडीसीच्या जवळच आमचं शेडनेट आहे. त्यात बियाणे कंपन्यांसाठी टोमॅटो-मिरचीचं बी तयार होतं. धाकटी बहीण वेंगुर्ल्याला दिलेली. तिचा बचत गट खाडीत कालवं वाढवतो. दोन्हीकडचं काम हाताखालून गेल्यावर जे पटलं ते लिहिते.

१. आधी बियाण्याचं बघावं. जालन्याला बियाण्यांचं गाव केलं बद्रीनारायण बारवाले यांनी. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘पुसा सावनी’ भेंडीचं बी त्यांनी इथे वाढवलं आणि १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथला दुष्काळ, हलकी जमीन, सगळं तेच होतं. फक्त पिकाआधी बियाण्याचा विचार झाला.

बहिणीकडे खाडीत मात्र कालवांचं बी अजून निसर्गाच्या भरवशावर आहे. कालवाची पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, मग टणक जागा सापडली की कायमची चिकटतात. म्हणून बायका जुन्या शिंपल्यांना भोकं पाडून दोरीत ओवतात आणि बांबूच्या मांडवाला टांगतात. बी बसलं तर बसलं. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून आणि राज्याच्या कांदळवन कक्षाकडून गटांना पुष्कळ मदत झाली, त्याचं मोल मोठं आहे. पण मला विचाराल तर दोरी-बांबूच्या अनुदानाइतकीच कोकणाला कालवांचं बी तयार करणाऱ्या हॅचरीची गरज आहे. बी हमखास मिळालं की बाकीचं बायका बघून घेतील.

२. वेळ चुकली की काम वाया. टोमॅटोचं क्रॉसिंग बघायला या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, चिमट्याने तिच्यातला पिवळा पुंकेसर अलगद काढायचा, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नराचे पराग तिथे टेकवायचे आणि ओळख म्हणून फुलाच्या दोन हिरव्या पाकळ्या खुडायच्या. कळी आपोआप उमलून गेली तर ते फळ संकरित म्हणून चालत नाही. बहिणीकडे घड्याळ ओहोटीचं. पाणी उतरलं की उतरायचं, दोऱ्यांवरचा चिखल-शेवाळ काढायचं, भरती चढायच्या आत बाहेर.

३. पाऊस दोन्हीकडे एकच काम करत नाही. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. २०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या तोडताना माणसं रडली. वेंगुर्ल्याला अडीच-तीन हजार मिलिमीटर! आणि त्याच पावसाने खाडीचं पाणी गोडं होतं. कालवं ते बरंच सोसतात. शिणाणे, म्हणजे हिरवे शिंपले, मात्र मरतात. म्हणून शिणाण्यांचं पीक दिवाळीनंतर धरून पावसाआधी काढायचं.

४. पाण्याची चाचणी करून घ्या. कालवांना खत नको, खाद्य नको. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात आणि खाडी स्वच्छ होते. पण पाण्यात गावाची घाण असेल तर तीही त्यांच्या अंगात जाते. काढल्यावर निदान दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवावीत, आणि कच्ची खाऊ नयेत. आमचं बी उगवण आणि शुद्धतेच्या तपासणीत उतरल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही. कडक वाटतं, पण जालन्याच्या बियाण्याचं नाव त्यानेच टिकलं. कालवांनाही तशी प्रयोगशाळा जवळ हवी.

५. विक्री आधी, लावणी मागून. आमच्याकडे लागवडीआधीच कंपनीशी करार होतो. कालवांत कवचाचंच वजन फार. शंभर किलो फोडली तर मांस आठ-दहा किलो निघतं. ते फोडायला बायका दिवसभर बसतात, हात कापून घेतात, आणि दारावरचा व्यापारी तोंडाला येईल तो भाव देतो. म्हणून बहिणीच्या गटाला माझा आग्रह आहे, की वेंगुर्ल्यातल्या आणि गोव्यातल्या हॉटेलांशी बोलून, फोडणावळ धरून, भाव लेखी घ्या. बांबू त्यानंतर आणा.