पंप बंद पडला म्हणजे जळलाच असे नव्हे

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात, उतारावर. विहीर खालच्या अंगाला, म्हणून शोषखड्डा घराच्या वर घ्यावा लागला. सेप्टिक टँकमधले निवळलेले पाणी शेजारच्या चेंबरमध्ये जमते आणि सबमर्सिबल पंप ते वर चढवतो. ऐन गणपतीत, घर माणसांनी भरलेले असताना, हा पंप थांबला आणि मोरीत पाणी तुंबू लागले.

मिस्त्रीने झाकण उघडले, "मोटर जळली, नवी घ्या" म्हणाला आणि पंप काढायला आत उतरू लागला. मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले. चेंबरमध्ये कुणालाही, एका मिनिटासाठीही, उतरू देऊ नका. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वायू निघून गेला असे वाटते. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. 2013 च्या कायद्याने सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई करून घेणे गुन्हा ठरवले आहे. पंप साखळीने वरूनच ओढायचा, तोही मेन स्विच बंद करून. केबलला धरून ओढला तर सील ढिले होऊन मोटरमध्ये पाणी शिरते.

नंतर वायरमन आला. त्याने पॅनलवरचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवला आणि पंप सुरू झाला! दोष फ्लोटमध्ये, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचमध्ये होता. त्याची वायर पाइपला गुंडाळली गेली होती, वर स्वयंपाकघरातल्या तेलाचा थर बसला होता. फ्लोट धुऊन वायर क्लिपने बांधली. पंप तोच आहे.

म्हणून नव्या मोटरचे पैसे देण्याआधी एवढे पाहून घ्या. मॅन्युअलवर चालतो, तर फ्लोट तपासा. नुसता घुं घुं आवाज येतो, पण फिरत नाही, तर कपॅसिटर गेला असेल किंवा इम्पेलरमध्ये चिंधी, केस, वाइप्स अडकले असतील. अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर खरोखरच वाइंडिंग जळेल. पंप लावताच आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मोटरमध्ये किंवा केबलच्या जोडात ओल आहे. तो पुन्हा पुन्हा वर करू नका, वायरमनला बोलवा. पंप फिरतो, तरी पाणी चढत नाही, तेव्हा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असतो किंवा पाइपमध्ये हवा धरलेली असते.

दुरुस्ती होईपर्यंत वॉशिंग मशीन बंद ठेवा. पागोळ्यांचे पाणी चेंबरमध्ये येत असेल तर ते आजच वळवा. कोकणातल्या पावसात कोणताही घरगुती पंप त्याला पुरा पडणार नाही.

आणि पहिल्या फ्लोटच्या वीतभर वर दुसरा फ्लोट बसवून त्याला घंटा जोडा. तिची वीज मात्र वेगळ्या लाइनवरून घ्या, म्हणजे पंपाचा एमसीबी पडला तरी ती वाजेल.