दशांश अपूर्णांकांची वजाबाकी : साक्षरतेच्या आकड्यांतून

दशांश अपूर्णांकांची वजाबाकी प्राथमिक शाळेतच शिकविली जाते. तरीही जनगणनेच्या तक्त्यांवर आधारित प्रश्नांत परीक्षार्थींचे हक्काचे गुण अनेकदा येथेच निसटतात. २०११ च्या जनगणनेची तात्पुरती आकडेवारी या सरावासाठी उपयुक्त आहे. तीनुसार सात वर्षे व त्यावरील वयोगटात पुरुषांची साक्षरता ८२.१४ टक्के, तर स्त्रियांची ६५.४६ टक्के होती. ही तफावत किती?

दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह मांडून उजवीकडून आरंभ करावा. शतांशस्थानी ४ मधून ६ वजा होत नाहीत. म्हणून शेजारचा १ दशांश सुटा केला. त्याचे १० शतांश होतात. १४ मधून ६ गेले, ८ उरले. दशांशस्थानी आता शून्य आहे, म्हणून दशांशचिन्ह ओलांडून एककातील १ घ्यावा लागतो. त्याचे १० दशांश. त्यातून ४ वजा जाता ६. एकही एककच उरल्याने दशक सुटा करावा : ११ उणे ५, म्हणजे ६. शेवटी ७ उणे ६, म्हणजे १. उत्तर १६.६८. दशांशचिन्ह मध्ये आले म्हणून नियम बदलत नाही. प्रत्येक स्थान उजवीकडच्या स्थानाच्या दसपटच असते. ६५.४६ मध्ये १६.६८ मिळवून ८२.१४ येतात का, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

एकूण साक्षरता ७४.०४ टक्के असता निरक्षरांचे प्रमाण काढताना १०० हे १००.०० असे लिहावे. येथे उसने घेण्यासाठी थेट शतकापर्यंत जावे लागते. शतकाचे ९ दशक, ९ एकक, ९ दशांश आणि १० शतांश झाले, की उत्तर सरळ २५.९६ येते.

केरळ (९३.९१) व बिहार (६३.८२) यांतील अंतर ३०.०९ आहे. मधले शून्य गाळून ३०.९ लिहिल्यास उत्तर चुकते, आणि पर्यायांत तो आकडा हमखास दिलेला असतो.

२००१ मध्ये पुरुष ७५.२६ व स्त्रिया ५३.६७ टक्के साक्षर होत्या, तफावत २१.५९. ती १६.६८ वर आली, म्हणजे ४.९१ टक्केबिंदूंनी घटली. ‘४.९१ टक्क्यांनी घटली’ हे विधान मात्र चूक ठरेल. मूळ तफावतीच्या तुलनेत ही घट सुमारे २२.७ टक्के आहे.

पुढे अंतिम आकडेवारीत हे प्रमाण ८०.९ व ६४.६ टक्के, म्हणून तफावत १६.३ झाली. २१.५९ मधून ती वजा करताना १६.३० असे लिहावे. उजवीकडे सरकवून ३ हा अंक ९ च्या खाली मांडला, तर १९.९६ हे भलतेच उत्तर येते. योग्य उत्तर ५.२९, परंतु १६.३ हा आकडा एकाच दशांशस्थळापर्यंत दिलेला असल्याने शेवटच्या ९ वर विसंबू नये, ५.३ म्हणणेच रास्त. प्रश्नात ‘तात्पुरती’ आकडेवारी म्हटले आहे की ‘अंतिम’, हे वजाबाकीपूर्वी वाचावे.