भोंगा वाजलाच नाही

बदलापूर-अंबरनाथकडच्या आमच्या जांभूळचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा पाणी बंद असल्याच्या बातमीत. गावातल्या एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती निघाली की सूचना आधी छापून येते आणि डोंबिवलीपासून दिवा-मुंब्र्यापर्यंत लोक पिंपं भरून ठेवतात. लाईट मात्र पावसाळ्यात न सांगता जाते, आणि बहुधा रात्रीच.

२०१८ च्या दिवाळीत आम्ही घराला चोरीचा अलार्म बसवला. आमचं घर बैठं, मागे मोकळं रान, आणि आई दिवसभर एकटी. दोन दारांना चुंबकाचे सेन्सर, हॉलमध्ये हालचाल टिपणारा एक, बाहेर भिंतीवर भोंगा आणि आम्हाला फोन लावणारं सिमकार्ड. हे सगळं चालवणाऱ्या पॅनेलच्या पेटीत तळाला विटेएवढी काळी बॅटरी होती, बारा व्होल्ट सात एएचची. लाईट गेली तरी हिच्यावर रात्र सहज निघेल, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला ते पटलंही. कळवा–पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबईसकट मोठ्या भागाची वीज सकाळी गेली. आमच्याकडे ती यायला संध्याकाळ झाली, पण पॅनेल तोवर चालू होतं. मी मुद्दाम मागचं दार उघडलं, तर भोंगा खणखणीत वाजला. त्या एका दिवसाच्या भरवशावर मी पुढची जवळजवळ तीन वर्षं काढली.

२०२३ च्या होळीच्या सुमारास पॅनेलवर पिवळा दिवा लागला. थोड्या थोड्या वेळाने बारीक टिक् टिक् व्हायची. ज्याच्याकडून अलार्म घेतला त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘लाईट आहे ना? मग काही होत नाही, बटण दाबून बंद करा.’’ घरात जो जवळ असेल तो बटण दाबायचा. आईसुद्धा शिकली. चार महिने आम्ही तो आवाज बंद करत राहिलो.

जुलैत भाच्याच्या साखरपुड्याला सगळे पुण्याला गेलो. त्या रात्री धुवांधार पाऊस होता, अकराच्या सुमारास लाईट गेली. पहाटे कधीतरी मागच्या दाराची कडी उचकटून चोर आत आले. कपाटातल्या आईच्या पाटल्या आणि लग्नाच्या देण्याघेण्यासाठी काढून ठेवलेली रोकड गेली. शेजारच्या काकू रात्रभर जाग्या होत्या. ‘‘भोंगा वाजला असता तर मी ओरडले असते रे,’’ हे वाक्य त्या आजही म्हणतात. पंचनामा करणाऱ्या हवालदारांनी भोंग्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘हा चालू होता का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लाईट आल्यावर पेटी उघडली. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या, एका टोकाला पांढरट भुकटी. ओळखीच्या वायरमनने मल्टिमीटर लावला तर १३.६ व्होल्ट! मी म्हणालो, बॅटरी तर चांगली आहे. त्याने बॅटरीची वायर काढली आणि पुन्हा मोजलं. साडेअकराच्या आसपास. मग भोंगा जोडला, तर काटा नऊच्याही खाली घसरला. आधीचा आकडा चार्जरचा होता, बॅटरीचा नव्हता. एवढी एक गोष्ट मला आधी कळली असती तर बरं झालं असतं, म्हणून ती इथे आधी सांगतो. बॅटरी नेहमी चार्जरपासून सोडवून, थोडा वेळ थांबून मोजायची. पूर्ण भरलेली धडधाकट बॅटरी पावणेतेराच्या आसपास दाखवते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मेलेली बॅटरीही ओझं नसताना बरा आकडा दाखवू शकते. खरी परीक्षा भोंग्याचीच.

ती परीक्षा सोपी आहे. शेजाऱ्यांना सांगा, मेन स्विच पाडा आणि तासभर तसाच ठेवा. मग दार उघडा. भोंगा पूर्ण आवाजात वाजला पाहिजे आणि तुमच्या मोबाईलवर फोन आला पाहिजे. तीन महिन्यांतून एकदा हे करा. पावसाळ्याआधी तर कराच. घरात इन्व्हर्टर असेल तरी करा. आमच्याकडे होता, पण पॅनेलचा सॉकेट त्याच्या लाईनवर नव्हताच. वायफायवर चालणारे कॅमेरे असतील तर राऊटरही त्या तासात बघून घ्या. सिमचा रिचार्ज संपला तर बॅटरी कितीही चांगली असली तरी फोन लागत नाही. बिनवायरच्या सेन्सरमध्ये वेगळे छोटे सेल असतात, तेही याच वेळी तपासा.

या बंद शिसं-आम्ल बॅटरीचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं धरतात, तेही पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेत. दर दहा अंश वाढले की आयुष्य जवळपास निम्मं होतं. आमचं पॅनेल माळ्यावर, पत्र्याखाली होतं, आणि बदलापूर-अंबरनाथकडचा एप्रिल-मे आपल्याला ठाऊक आहे. आता ते खालच्या खोलीत, आतल्या भिंतीवर आहे. आणि मी तीन वर्षांनी बॅटरी बदलतो, ती चालत असली तरी.

नवी घेताना तेच व्होल्ट, तेच एएच घ्या. मोठी टाकली तर जास्त टिकेल असं वाटतं, पण पॅनेलचा छोटा चार्जर ती नीट भरू शकत नाही. गाडीची बॅटरी तर बंद पेटीत अजिबात बसवू नका, तिच्यातून वायू निघतो. बॅटरीवरची तारीख दुकानातच वाचा. सहा-आठ महिने चार्ज न करता फळीवर पडलेली बॅटरी नवी म्हणून घरी आणण्यात अर्थ नाही. मी दिले ते हजाराच्या आसपास रुपये.

बदलताना आधी पॅनेल टेस्टवर टाका, नाहीतर झाकण उघडताच भोंगा वाजेल. मेन बंद करा. काळी वायर आधी काढा आणि शेवटी लावा. लाल लालला, काळी काळ्याला, आणि दोन टोकांमध्ये पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर पडू देऊ नका. हात बसत नसेल तर वायरमनला बोलवा. पण तारीख मात्र स्वतः, मार्करने, बॅटरीवर आणि झाकणाच्या आतून लिहा. आवाज बंद करायचं बटण घरात कुणीच दाबायचं नाही, असा नियम करा. तो आवाज ऐकला की बॅटरी बदलायची.

जुनी भंगारवाल्याला देऊ नका. ती फोडून शिसं काढतात आणि आम्ल नाल्यात सोडून देतात. वालधुनी नदीचे हाल आपण रोज बघतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच जमा करा.

गावाला किंवा लग्नाला जायचं ठरलं की मेन पाडून बघण्याचं काम आठ दिवस आधी करा. बॅटरी उतरलेली निघाली तर नवी आणून बसवायला तेवढे दिवस लागतात.