खिशातला छोटा चाकू कसा निवडायचा? आधी काम, मग पातं!

पॅकिंग टेबलच्या व्हिडिओत माझ्या हातात एक छोटा घडीचा चाकू होता. त्यावरून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, असा कुठला घ्यावा?" प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात धंद्यासाठी कुठलीही वस्तू घेण्याचा एक मोठा धडा लपलेला आहे. म्हणून आजचा पाठ याच विषयावर.

बारा साड्यांची गोष्ट

आधी माझी चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी कॉटनच्या साड्या मागवायचो आणि किरकोळ विकायचो. एकदा बारा साड्यांचं खोकं आलं. त्यातल्या दोन दुसऱ्याच दिवशी एका नव्या ताईंना पाठवायच्या होत्या. मी हौसेने घेतलेला चांगला लांब, टोकदार चाकू काढला, टेपमध्ये खुपसला आणि सर्रकन ओढला. खोकं झोकात उघडलं!

वरची साडी उलगडली आणि पोटात गोळा आला. घडी केलेल्या कापडात टोक एकदाच घुसतं, पण घडीच्या प्रत्येक थरात भोक पडतं. साडीभर ओळीने भोकं! खालच्या साडीचंही तेच. ताईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या थांबल्या, हे माझं नशीब. पण त्या महिन्याचा नफा त्या दोन साड्यांतच गेला.

आता हिशोब बघा. साध्या थ्री-प्लाय खोक्याचा पुठ्ठा असतो साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचा. टेप तर कागदासारखी पातळ. हे कापायला मी पाच इंची पातं वापरत होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच!

पायरी 1 : खरंच चाकू हवाय का?

तुम्ही एकाच टेबलावर बसून दिवसभर खोकीच उघडत असाल, तर साधा पेपर कटर पुरे. याच्या पात्याचे तुकडे मोडत जायचे आणि दर वेळी नवी धार मिळवायची, ही युक्ती जपानमध्ये 1956 साली निघाली. तीच पुढे ओल्फा या नावाने जगभर गेली. बाजारात 9 आणि 18 मिलिमीटर रुंदीची पाती सहज मिळतात. टेपला 9 पुरतं, जाड पुठ्ठ्याला 18 घ्या. पातं दोन-तीन मिलिमीटरच बाहेर काढा, म्हणजे आतला माल सुखरूप राहतो.

घडीचा चाकू कधी घ्यायचा? तुमचं काम फिरतं असेल तेव्हा. सकाळी ऑफिस, दुपारी कुरियरवाला, रविवारी प्रदर्शनातला स्टॉल. कधी सुतळी कापा, कधी टॅगचा दोरा, कधी सैल झालेला स्क्रू आवळा. अशा वेळी खिशात मावणारं एकच हत्यार उपयोगी पडतं.

पायरी 2 : निवडताना पाच गोष्टी बघा

लांबी. पातं चार ते सहा सेंटिमीटर, बस्स. उदाहरण म्हणून व्हिक्टोरिनॉक्सचा क्लासिक बघा. मिटल्यावर फक्त 58 मिलिमीटर! छोटं पातं, कात्री, नखं घासायची कानस आणि तिच्याच टोकाला स्क्रू ड्रायव्हर. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो. हाच घ्या असं म्हणत नाही, पण ऑफिसच्या कामाला किती छोटं पुरतं, हे त्यावरून कळतं.

टोक. पार्सलच्या कामाला सुईसारखं टोक नको. धार सरळ आणि पाठ टोकाकडे खाली उतरलेली, असं पातं घ्या. ते मालात खुपसलं जात नाही.

लॉक. छोट्या चाकूंना बहुधा लॉक नसतो, फक्त स्प्रिंगचा दाब असतो. अशा चाकूने खुपसू नका, पाठीवर जोर देऊ नका. पातं मिटतं ते थेट बोटांवर! जाड पुठ्ठा रोज कापायचा असेल, तर लॉकवाला घ्या आणि मिटायची सवय घरी करा.

पोलाद. स्टेनलेसच घ्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात साध्या पोलादाला बघता बघता गंज चढतो.

कात्री. धागे, टॅग, पाऊच यांना कात्री जास्त सुरक्षित. माझ्या चाकूत पात्यापेक्षा कात्रीच जास्त चालते.

पायरी 3 : कायदा आणि तपासणी

इथे निष्काळजीपणा नको. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आपला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणूक, मोर्चा अशा काळात सुऱ्या-चाकू बाळगायला बंदी घालता येते. असा आदेश निघाला की चाकू ड्रॉवरमध्ये. आणि खटक्यासरशी उघडणारा बटणचाकू तर घेऊच नका. "टेप कापायला आणलाय हो," हे चौकीत पटवत बसायची वेळ येईल.

विमानाने प्रदर्शनाला निघालात, तर चाकू केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. मेट्रो, मॉल, कोर्ट, सरकारी कार्यालय इथे तपासणी असते. त्या दिवशी तो घरीच ठेवलेला बरा.

पायरी 4 : सांभाळायचा कसा?

बोथट चाकू जास्त धोक्याचा. धार नसली की आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो. म्हणून धार वेळच्या वेळी लावा. टेपचा चिकटा बसला, तर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पुसा. कापताना पातं स्वतःपासून दूर न्या, दुसरा हात पात्याच्या वाटेत नको. दुसऱ्याला देताना मिटून द्या. आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना चाकूशी खेळत बसू नका, माणूस बिचकतो!

आजचा गृहपाठ

दुकानात जायच्या आधी सात दिवस एक कागद टेबलावर ठेवा. जे जे कापाल, ते त्यावर लिहा : काय कापलं, कुठे कापलं, कशाने कापलं. आठवड्याच्या शेवटी यादी वाचा. सगळीकडे "टेप, टेप, टेप" दिसलं, तर कटर आणा आणि उरलेले पैसे मालात घाला. यादीत पाच प्रकारची कामं आणि तीन जागा दिसल्या, तर चाकू खुशाल घ्या आणि खर्चाच्या वहीत त्याची नोंद करा.

हीच यादी पुढे प्रिंटर घेताना करा, शिलाई मशीन घेताना करा, टेम्पो घेताना तर नक्कीच करा. मी ती पहिल्या वर्षी केली असती, तर त्या दोन साड्या वाचल्या असत्या.

भेटू पुढच्या पाठात. तोपर्यंत बोटं सांभाळा आणि मालही!