जवळचा मार्ग आणि अंदाजाची मर्यादा

ठिकाणांना बिंदू व रस्त्यांना त्यांना जोडणाऱ्या रेषा मानले की रस्त्यांच्या जाळ्याचा आलेख तयार होतो. अशा आलेखातील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक पद्धत नेदरलँड्समधील एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये योजली व १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत आरंभस्थानापासून जवळची ठिकाणे क्रमाने तपासली जातात. उत्तर अचूक मिळते; परंतु शोध सर्व दिशांना पसरतो. पूर्वेकडील गाव गाठावयाचे असले तरी पश्चिमेकडील रस्तेही तपासले जातात.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 'शेकी' या यंत्रमानवाविषयीचे संशोधन चालू असता पीटर हार्ट, निल्स निल्सन व बर्ट्रम राफेल यांनी १९६८ मध्ये 'ए-स्टार' पद्धत मांडली. तीत आतापर्यंत कापलेले अंतर व पुढील अंतराचा अंदाज यांची बेरीज केली जाते आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती वाट प्रथम तपासली जाते. अंदाजासाठी नकाशावरील सरळ रेषेतील अंतर घेता येते.

एक उदाहरण पाहू. 'अ' पासून 'ड' ला जावयाचे आहे. 'ब' ४ किलोमीटरवर असून तेथून 'ड' सरळ रेषेत ८ किलोमीटर आहे, बेरीज १२. 'क' ६ किलोमीटरवर असून तेथून सरळ अंतर ५, बेरीज ११. म्हणून प्रथम 'क' ची वाट तपासली. तेथून 'ड' पर्यंतचा रस्ता ८ किलोमीटरचा निघाला, एकूण १४. परंतु 'ब' ची बेरीज १२ च असल्याने येथे थांबता येत नाही. 'ब' पासूनचा रस्ता ९ किलोमीटरचा आहे, एकूण १३. हाच जवळचा मार्ग होय.

समजा, 'ब' पासूनच्या अंतराचा अंदाज ८ ऐवजी ११ धरला असता, तर बेरीज १५ होऊन ती वाट न तपासताच १४ किलोमीटरचा मार्ग योग्य ठरला असता. अंदाज वास्तवापेक्षा अधिक झाला की अचूकतेची हमी संपते. उलट तो शून्य धरल्यास डायक्स्ट्रांचीच पद्धत उरते. रस्त्याची लांबी सरळ अंतरापेक्षा कमी असू शकत नाही, म्हणून ते अंतर विश्वसनीय ठरते. वेळेचा हिशेब करावयाचा असल्यास त्यास शक्य त्या कमाल वेगाने भागावे. सरासरी वेग घेतल्यास अंदाज वास्तवापेक्षा वाढण्याचा संभव असतो.

रुग्णवाहिका वा अग्निशामक बंब यांचा मार्ग ठरविताना कित्येकदा शोधास लागणारा वेळ वाचविण्यासाठी थोडा लांबचा मार्गही पत्करावा लागेल. मात्र तो निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला असावा. चुकीच्या अंदाजाचा परिणाम नसावा.