अनुकरणातून स्वत्वाकडे

बेंजामिन फ्रँकलिन याचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. वडिलांचा धंदा साबण व मेणबत्त्या करण्याचा. त्यांना एकंदर १७ अपत्ये. त्यामुळे बेंजामिनचे शालेय शिक्षण दोन वर्षांतच आटोपले. बाराव्या वर्षी तो आपला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. दिवसा काम करावे आणि रात्री मिळेल ते पुस्तक वाचावे, असा त्याचा क्रम असे.

कॉलिन्स नावाचा त्याचा एक मित्र होता. मुलींना विद्या द्यावी की न द्यावी, यावर दोघांचा वाद जुंपला. मुलींना शिकवावे, हा बेंजामिनचा पक्ष होता. पुढे हा वाद पत्रांतून चालला. ती पत्रे एकदा वडिलांच्या हाती पडली. त्यांनी वादात कोणाचाच पक्ष घेतला नाही. परीक्षण केले ते लेखनाचे. शुद्धलेखनात व विरामचिन्हांत बेंजामिन सरस होता. परंतु भाषेचा डौल, विचारांची मांडणी आणि अर्थाची स्पष्टता यांत तो मित्राच्या मागे होता. हे त्यांनी पत्रांतील उदाहरणे काढून दाखविले.

मुलाने राग मानला नाही. वडिलांचे म्हणणे त्याला पटले, आणि आपले लेखन सुधारावयाचे असा त्याने निश्चय केला.

याच सुमारास 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याला मिळाला. ॲडिसन व स्टील या लेखकांनी ते १७११ साली लंडनमध्ये सुरू केले होते. त्यातील निबंध त्याने पुनःपुन्हा वाचले. असे आपल्याला लिहिता आले तर! परंतु नुसत्या इच्छेने काय होणार? त्याने एक युक्ती योजिली. निबंध वाचून प्रत्येक वाक्याच्या आशयाचे तो त्रोटक टिपण करी. काही दिवस लोटले, म्हणजे मूळ निबंध न पाहता त्या टिपणांवरून तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही. मग दोन्ही लेख शेजारी ठेवून आपल्या चुका शोधी व सुधारी.

आपल्यापाशी शब्दांचा साठा अपुरा आहे, हे त्याला तेव्हा कळले. म्हणून तो काही गोष्टी पद्यात उतरवी आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य करी. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम मोडून टाकी आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावी. त्यामुळे विचार कसे मांडावेत हे त्याला उमजले. कधी कधी, एखाद्या बारीक गोष्टीत आपण मूळ लेखावरही ताण केली, असे त्याला वाटे, आणि त्याचा हुरूप वाढे. हा सारा अभ्यास कामापूर्वी पहाटे, कामानंतर रात्री किंवा रविवारी चाले.

१७२२ साली जेम्सच्या वृत्तपत्रात 'सायलेन्स डूगुड' नावाच्या एका विधवेची पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. रात्री कोणीतरी लेख छापखान्याच्या दाराखालून आत सरकवी. जेम्सच्या मित्रांनी तो वाचून वाखाणला आणि लेखक म्हणून गावातील विद्वानांची नावे घेतली. हा लेखक त्यांच्या समोरच काम करीत होता. तो होता १६ वर्षांचा बेंजामिन! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्याने ते बदलले होते.

'स्पेक्टेटर'चे लेखकही असेच एका कल्पित व्यक्तीच्या मुखाने बोलत. ती रीत बेंजामिनने उचलली. परंतु त्याची विधवा लंडनची नव्हती. ती त्याच्याच मुलखातील होती आणि तेथल्याच लोकांविषयी बोलत होती. एकंदर १४ पत्रांपैकी पाचव्या पत्रात तिने स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. मित्राशी वाद करताना जो पक्ष बेंजामिनला नीट मांडता आला नव्हता, तोच आता त्याने सर्व गावापुढे मांडला.

दुसऱ्याचा लेख उतरवून आपला म्हणणे ही चोरी होय. परंतु त्याचे गुण पारखून, त्याच्याशी आपले लेखन ताडून पाहणे हे अध्ययन होय. रीत गुरूची घ्यावी. सांगणे मात्र आपले असावे.

स्वाध्याय
१. वडिलांनी बेंजामिनच्या लेखनातील कोणते गुणदोष दाखविले?
२. टिपणांचा क्रम मोडून तो पुन्हा लावण्याचा काय उपयोग झाला?
३. आपल्या आवडत्या पाठातील एका परिच्छेदाची टिपणे काढा. आठ दिवसांनी त्यांवरून तो परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहा व मुळाशी ताडून पाहा.